गोमुखच्या वाटेवरचा भूर्ज

गंगोत्रीहून निघालो तेव्हा देवदारांची सोबत होती. चिरबासा मागे पडलं, धाप लागू लागली, आणि पुढे वाटेला लागूनच तो भेटला. भूर्ज! बुंध्यापाशी उताराकडे झुकून मग वर वळलेला. हिवाळ्यातल्या बर्फाचा भार सोसत वाढणारी झाडं अशीच वाकतात.

पाठपिशवी उतरवून जवळ गेलो. सालीचे पापुद्रे सुटून वाऱ्यावर फडफडत होते, बाहेरून पांढुरके, आतून गुलाबी-तांबूस. त्यांवरच्या आडव्या रेघा म्हणजे खोडाची श्वास घ्यायची छिद्रं. पांढरेपणा येतो बेट्युलिन या द्रव्यामुळे. बख्शाली या प्राचीन हस्तलिखितातलं गणित, शून्यासाठी टिंब मांडणारं, अशाच सालीवर लिहिलेलं आहे. मी पापुद्र्याला नुसतं बोट लावलं. ओढून काढावासा वाटला नाही.

या झाडाचं शास्त्रीय नाव बेट्युला युटिलिस. डेव्हिड डॉनने नेपाळच्या नमुन्यांवरून १८२५ साली ते दिलं. युटिलिस म्हणजे उपयोगी. इतकं सरळ नाव क्वचितच कुणाला मिळत असेल. पुढे १८४१ मध्ये स्पाकने पश्चिम हिमालयातल्या पांढऱ्या सालीच्या झाडांना वेगळी जाती ठरवून व्हिक्टर झाकमाँचं नाव दिलं. हिमालय पायी धुंडाळणारा हा तरुण फ्रेंच निसर्गअभ्यासक १८३२ साली मुंबईत वारला होता. पण पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना साल पांढऱ्याकडून तपकिरी-तांबूस होते ती हळूहळू, मध्ये कुठे ठळक सीमा नाही. म्हणून आज झाकमाँचा भूर्ज युटिलिसचीच उपजाती धरतात, काही जण नुसता प्रकार. मला हे पटतं. इथेच शेजारशेजारच्या दोन खोडांचे रंग जुळत नव्हते.

कुळ बेट्युलेसी, म्हणजे अल्डर आणि हेझल हे जवळचे भाऊबंद. गण फॅगेलीस; त्यात ओक, अक्रोड आणि चक्क किनाऱ्यावरचा सुरूही येतो!

भोजबासा म्हणजे भूर्जांची वस्ती. पोचलो तर समोर उघडी दगडगोट्यांची जमीन. इथलं रान सरपणासाठी तुटत गेलं. गिर्यारोहक हर्षवंती बिष्ट यांनी इथे पुन्हा भूर्ज लावायला घेतले, म्हणून थोडी तरी आशा वाटते.

परतताना त्याच वाकड्या झाडापाशी थांबलो. पश्चिमेकडच्या भूर्जाच्या पानात शिरांच्या जोड्या कमी असतात, ते पडताळून पाहायचं राहिलं होतं. खालच्या फांदीची पानं न तोडता उजेडाकडे धरली आणि मोजली. एकात आठ, दुसऱ्यात नऊ.