कोळसा आणि पांढरा झगा

होबोकन स्थानकातून नदीकडे बाहेर पडलं की घड्याळाच्या मनोऱ्यावर मोठ्या अक्षरांत ‘लॅकवाना’ दिसतं. न्यू जर्सीत नवी होते तेव्हा मला ते पुढच्या एखाद्या गावाचं नाव वाटायचं. निघालं एका रेल्वे कंपनीचं, आणि ती कंपनी १९६० सालीच एरी रेल्वेत मिसळून गेलेली. मॉरिसटाऊनहून येणारी माझी रोजची गाडी मात्र अजून तिच्याच वाटेनं येते.

पेनसिल्व्हेनियात स्क्रँटनभोवती अँथ्रासाइट कोळसा निघायचा. कडक, चकचकीत, जेमतेम धूर करणारा. तो वाहून आणणं हा लॅकवानाचा मोठा धंदा, आणि प्रवासी गाड्यांची इंजिनंही त्यावरच चालत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनीनं याचीच जाहिरात केली. त्यात एक बाई आणली, फीबी स्नो. शुभ्र झगा घालून ती न्यूयॉर्कहून बफेलोला जायची आणि उतरताना झगा तस्सा! सोबत यमक जुळवलेल्या ओळी. ‘कोळसा उगाळावा तितका काळाच’ हे ऐकत वाढलेल्या मला ही बाई पटायला वेळ लागला.

कारण माझी आगगाडी दौंड-मनमाडची. खिडकीबाहेर डोकं काढलं की डोळ्यात कण गेलाच समजायचं. आई पदराचा बोळा करायची, त्यावर तोंडाची वाफ द्यायची आणि तो ऊबदार बोळा डोळ्यावर दाबून धरायची. वर एक धपाटा. नगर येईपर्यंत फ्रॉकचा मूळ रंग कोणता, हे फक्त तिलाच ठाऊक असायचं.

फीबीचे दिवस पहिल्या महायुद्धात फिरले. अँथ्रासाइट युद्धाच्या कामाला लागला, रेल्वे सरकारनं ताब्यात घेतल्या आणि बाई जाहिरातीतून गेली. ३ सप्टेंबर १९३० रोजी होबोकनहून माँटक्लेअरकडे विजेची गाडी सुटली. ती हाकायला उभे होते ८३ वर्षांचे थॉमस एडिसन! धूरच नाही म्हटल्यावर झग्याचं कौतुक कोण करणार? तरी १९४९ साली कंपनीला फीबी आठवली आणि एका गाडीला तिचं नाव मिळालं. तोवर घरोघरी कोळशाच्या जागी तेल आणि गॅस येऊ लागला होता. १९५५च्या पुरानं रूळ उखडले, मग एरीशी संसार मांडला, १९६६त फीबीची गाडी थांबली. १९७२च्या अ‍ॅग्नेस वादळानं उरलीसुरली कंपनी दिवाळखोरीत गेली आणि १९७६त कॉनरेल या सरकारनं उभारलेल्या रेल्वे कंपनीनं तिचा गाशा गुंडाळला.

गंमत म्हणजे तो मनोराही जुना नव्हे. मूळचा कधीच उतरवला होता. हा २००७ सालचा, जुन्यासारखा बांधलेला. म्हणजे गेलेल्या कंपनीचं नाव कुणीतरी मुद्दाम पुन्हा वर चढवलं. स्थानकाच्या दर्शनी भागाचं तांबं मात्र १९०७पासूनचं, हिरवंगार झालेलं. आजीनं पाहिलं असतं तर आधी चिंच मागितली असती.

परवा मुद्दाम पांढरा कुर्ता घालून निघाले. होबोकनला उतरताना बाहीकडे पाहिलं, तर डाग होताच. कॉफीचा.