फिल्टर कोरा, काउंटर कोटीवर

सहनिर्मिती प्रकल्पातल्या, म्हणजे वीज आणि उष्णता एकत्र देणाऱ्या प्रकल्पातल्या, दोन गॅस इंजिनांची उत्सर्जन तपासणी होती. दोन्ही एकाच मॉडेलची, एकाच नैसर्गिक वायूवर चालणारी, चाललेले तासही जवळपास सारखेच. तरी दुसऱ्या इंजिनाचा ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट (एक्झॉस्टमधले घातक वायू जाळून टाकणारा उत्प्रेरक) अपेक्षेपेक्षा फार लवकर मंदावला होता आणि फॉर्मल्डिहाइड या विषारी वायूचं प्रमाण चढत चाललं होतं. म्हणून तिथल्या अभियंत्यांनी नेहमीच्या तपासणीसोबत कणसंख्या मोजायला सांगितलं होतं.

"मॅडम, गॅसच्या इंजिनातून कसली आलीय धूळ?" ऑपरेटर काका म्हणाले. दोन्ही चिमण्यांतून डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, त्यामुळे त्यांचं म्हणणं कुणालाही पटलं असतं. फिल्टरनेही त्यांचीच बाजू घेतली. धुराड्यातल्या वायूच्या वेगानेच नमुना ओढून फिल्टर बाहेर काढले, तर दोन्ही पांढरे. वजन प्रयोगशाळेत नंतर होतं, पण या कामात मुरलेल्या माणसाला आकडा काय येणार ते तिथेच कळतं: कोऱ्या फिल्टरपेक्षा वेगळं म्हणता येईल इतकंही नाही.

मग कण मोजणारा काउंटर जोडला. यात ब्युटेनॉलची वाफ कणांवर जमते आणि काही नॅनोमीटरचा कण लेझरला दिसण्याइतका थेंब होतो. पहिल्या इंजिनावर आकडा घन सेंटीमीटरला दहा लाखांच्या आसपास स्थिरावला. दुसऱ्यावर तो कोटीच्या पुढे गेला. एवढा फरक दिसला की मी आधी यंत्रावर संशय घेते. गाळलेली हवा देऊन काउंटर शून्यावर येतो का पाहिलं, डायल्यूशनचं, म्हणजे नमुन्यात स्वच्छ हवा मिसळण्याचं, प्रमाण तपासलं, सगळं सामान परत पहिल्या इंजिनावर नेलं. आकडे तेच.

काकांना मी कागदावर हिशेब मांडून दाखवला. घन सेंटीमीटरला २० नॅनोमीटरचे कोटभर कण, घनता पाण्याइतकी धरली, तर घनमीटरमागे त्यांचं वजन जेमतेम ०.०४ मिलिग्रॅम भरतं. २ मायक्रॉनचा एकच कण अशा दहा लाख कणांइतका जड असतो. मिलिग्रॅममध्ये मोजणाऱ्या पद्धतीला हे कण दिसणारच नाहीत. आणि फुप्फुसात सर्वांत खोल पोचतात ते याच आकाराचे. ही गोष्ट मला दर वेळी अस्वस्थ करते.

आता प्रश्न, हे येतात कुठून? नमुन्याच्या वाटेत ३५० अंशांचा कॅटॅलिटिक स्ट्रिपर बसवला; तो तेलासारखे वाफ होणारे कण काढून टाकतो आणि घन कण तेवढे पुढे सोडतो. पहिल्या इंजिनाचे बहुतेक कण नाहीसे झाले, म्हणजे ते एक्झॉस्ट थंड होताना जमलेले तेलाचे सूक्ष्म थेंब होते. दुसऱ्याचे मात्र बरेचसे टिकून राहिले. ते घन कण, राख. नैसर्गिक वायूत राख नसते. ती वंगण तेलातल्या अॅडिटिव्हची. पुढे प्रयोगशाळेने फिल्टरवर कॅल्शियम, जस्त आणि फॉस्फरस दाखवून तेच सांगितलं.

काकांनी लॉगशीट आणली. तेलाचे टॉप-अप नीट लिहिलेले होते, पण ते विजेच्या युनिटांनी कुणी भागले नव्हते. आम्ही भागले. पहिल्याचा खप युनिटमागे ०.१५ ग्रॅम, दुसऱ्याचा ०.४. मला पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह स्टेम सीलची शंका होती. काका म्हणाले, "रिंगा उघडण्याआधी ब्रीदर बघा." त्यांचं बरोबर होतं. इंजिन थांबवून क्रँककेस ब्रीदरचा, म्हणजे इंजिनाच्या तेलाच्या भागातली वाफ बाहेर काढणाऱ्या वाटेचा, ऑइल सेपरेटर उघडला, तर तेल गाळणारं एलिमेंट तेलाने थबथबलेलं आणि सीलकडची कड फाटलेली. टर्बोकडे (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याकडे) जाणाऱ्या पाइपात बोट फिरवलं, तर पेरभर काळं तेल लागलं. क्रँककेसमधलं तेलाचं धुकं न गाळता थेट ज्वलनकक्षात जात होतं, आणि जळून उरलेलं जस्त-फॉस्फरस कॅटॅलिस्टवर बसत होतं.

नवीन एलिमेंट टाकून इंजिन पुन्हा लोडवर घेतलं. संध्याकाळपर्यंत आकडा निम्म्याहून खाली आला. पहिल्या इंजिनाइतका नाही, कारण पाइपात आणि दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमध्ये साचलेलं तेल संपायला वेळ लागतो. कॅटॅलिस्टवर बसलेला फॉस्फरस मात्र असा उतरत नाही. कॅटॅलिस्ट बदलावाच लागणार होता.

अहवालात धुळीच्या ओळीत दोन्ही इंजिनं सारखीच निर्दोष दिसतात. युरोपीय संघाच्या २०१५ च्या मध्यम ज्वलन प्रकल्पांच्या निर्देशातही नैसर्गिक वायूच्या इंजिनांना नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा आहे, धुळीची नाही. ट्रक-बसच्या इंजिनांना मात्र युरो ६ मध्ये किलोवॅट-तासाला ६०,००० कोटी कणांची मर्यादा घातलेली आहे. वस्तीला ऊब देणारी, म्हणून वस्तीजवळच बसवलेली आणि दिवसरात्र चालणारी इंजिनं या मोजणीबाहेर का, याचं समाधानकारक उत्तर मला सापडलेलं नाही.

कणसंख्येचा तक्ता आम्ही मुख्य अहवालातच घातला, परिशिष्टात नाही. काकांनी लॉगशीटमध्ये युनिटमागे तेलाच्या खपाचा रकाना त्याच दिवशी आखून घेतला.