आत्याचा हुकूमनामा

आजी गेली आणि आत्याच्या पेन्शनचा विषय निघाला. आजोबा रेल्वेत होते. त्यांच्यामागे आजीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळायचं. घटस्फोटित मुलगी आईवडिलांवर अवलंबून असेल तर पुढे ते तिला मिळू शकतं. अट एवढीच, की घटस्फोट आईवडिलांच्या हयातीत झालेला हवा, निदान त्याचा अर्ज तरी त्यांच्या हयातीत कोर्टात गेलेला हवा. आत्याचा झाला १९९२ साली. म्हणजे अडचण काहीच नव्हती. फक्त कागद नव्हता.

"अगं, तो वकीलसाहेबांकडेच राहिला," आत्या म्हणाली. वकीलसाहेब जाऊन पंधरा वर्षं झाली.

मी शाळेत लिपिक आहे. जुने दाखले काढून देणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे कोर्टातून एक नक्कल काढणं मला काही अवघड वाटलं नव्हतं. रात्री जेवण झाल्यावर ई-कोर्ट्सच्या साइटवर बसले. राज्य, जिल्हा, कोर्ट निवडलं, पक्षकाराचं नाव टाकलं, वर्ष टाकलं, 'निकाली' वर खूण केली. काही नाही. स्पेलिंग बदलून पाहिलं, सासरचं नाव, माहेरचं नाव, तरी काही नाही. अलीकडच्या प्रकरणांना सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो, महाराष्ट्रातला 'एमएच'ने सुरू होतो, तो हाताशी असला की दोन मिनिटांत तारखांसकट सगळं समोर येतं. पण आत्याचं प्रकरण संगणकाच्या आधीचं. ते असणार होतं हाताने लिहिलेल्या रजिस्टरात.

मग आमच्या शहरातल्या कोर्टात दोन खेपा घातल्या. आत्या माहेरी येऊन राहिली होती, तेव्हा केस इथेच झाली असणार, असं मी गृहीत धरलं. रेकॉर्ड रूममधल्या भाऊंनी १९९१ आणि ९२ ची रजिस्टरं काढून दाखवली, आम्ही दोघांनी बोटं फिरवत पाहिली. नाव नाहीच.

घरी येऊन आत्यापाशी बसले. तारखांना कशी जायचीस, विचारलं.

"दादांबरोबर. पहाटेची एसटी असायची. मी डबा करून घ्यायचे."

आता कोर्ट आमच्याच गावात असतं तर पहाटेची एसटी कशाला लागली असती? मला हे आधी विचारायला सुचलं नाही याचं आजही हसू येतं. ओळखीच्या एका वकीलबाईंनी नंतर उलगडून सांगितलं. हिंदू विवाह कायद्याप्रमाणे अर्ज कुठे करायचा हे ठरलेलं असतं: जिथे लग्न लागलं, जिथे समोरचा पक्ष राहतो, किंवा जिथे दोघं शेवटचं एकत्र राहिले. बायको सध्या जिथे राहते तिथेच तिला अर्ज करता येईल, ही सोय २००३ च्या दुरुस्तीने आली. त्याआधी माहेरी परतलेल्या बाईला तारखेसाठी उलट प्रवास करावा लागायचा. आत्याचं लग्न सासरच्या गावी लागलेलं, शेवटचं बिऱ्हाड तिसऱ्याच ठिकाणी. राहिली दोन गावं. एसटी कुठली होती ते आत्याला पक्कं आठवत होतं.

(तुमचं प्रकरण जुनं असेल तर जिल्हाही तपासा. वाशिम १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होतं, हिंगोली १९९९ पर्यंत परभणीत. आजच्या नकाशावर शोधलं तर चुकायला होतं. आणि मोठ्या शहरात कौटुंबिक न्यायालय असतं, पण ते सुरू होण्याआधीचं प्रकरण दिवाणी न्यायालयाच्या रेकॉर्डला असू शकतं.)

गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. याच कायद्याच्या कलम २२ प्रमाणे अशा खटल्यांचं कामकाज बंद दाराआड चालतं आणि त्यातला मजकूर छापायला मनाई आहे. शिवाय आत्यालाही ते नको आहे.

तर त्या गावी, दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्या कोर्टात. तिथल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "नंबर?" नंबर नव्हता. "बरं, वर्ष?" मी म्हटलं, १९९२. त्यांनी ९२ चं रजिस्टर काढलं. नाव नाही. माझ्या पोटात गोळा आला. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "९२ ला निकाल लागला, की ९२ ला अर्ज केला?"

अहो, हा तर माझाच प्रश्न! माझ्या खिडकीशी माणसं येतात आणि म्हणतात, मी ८५ ला दहावी झालो, दाखला द्या. मी त्यांना विचारते, शाळेत नाव कधी घातलं? कारण जनरल रजिस्टर दाखल झाल्याच्या क्रमाने असतं, सोडल्याच्या नाही. कोर्टाचंही तसंच. प्रकरणाच्या नंबराला जोडलेलं वर्ष दाखल केल्याचं. संमतीच्या घटस्फोटात अर्ज केल्यावर तेव्हा कायद्याने निदान सहा महिने थांबावं लागायचं, म्हणजे वर्ष सहज उलटायचं. ९१ च्या रजिस्टरात, चोविसाव्या पानावर, आत्या सापडली. शेवटच्या रकान्यात लाल शाईने 'मंजूर'.

नंबर मिळाल्यावर पुढचं सरळ होतं. नक्कल विभागात अर्ज, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प, सोबत ओळखपत्र. अर्जात नुसतं 'घटस्फोटाचे कागद' लिहू नका. निकालपत्र वेगळं, हुकूमनामा वेगळा. निकालपत्रात न्यायाधीशांनी काय ठरवलं आणि का, ते असतं. हुकूमनाम्यात शेवटचा आदेश. दोन्ही मागा, आणि दोन-दोन प्रती मागा, म्हणजे परत जावं लागत नाही. पानं मोजून शुल्क सांगतात, ते भरायचं, तयार झाली की घेऊन यायचं. आमचं एकाच जागी अडलं. हुकूमनाम्यात आत्याचं नाव सासरचं, आधारवर माहेरचं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र जोडलं.

शेजारचे काका म्हणत होते, माहितीच्या अधिकारात टाक, झक मारत देतील. तसं होत नाही. कोर्टाच्या फायलींतल्या नकला त्या-त्या उच्च न्यायालयाच्या नियमांनीच घ्यायच्या, माहिती अधिकाराने नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०२० चा निकाल आहे.

आत्याला सगळ्यात जास्त धास्ती होती ती "कशाला हवं?" या प्रश्नाची. तीस वर्षांनी परक्या माणसासमोर सगळं सांगायला लागेल, म्हणून ती रात्रभर झोपली नव्हती. कुणी काही विचारलं नाही. प्रकरणात जो पक्षकार आहे त्याला नक्कल मागायला कारण द्यावं लागत नाही. कारण द्यावं लागतं ते तिऱ्हाइताला: त्याने प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचं आणि कोर्टाची परवानगी मिळाली तरच नक्कल. त्यामुळे मुलीसाठी आलेल्या स्थळाचा आधीचा घटस्फोट खरा आहे का, हे मला परस्पर काढून मिळेल का, असं जे आमच्या एका मॅडम विचारत होत्या त्यांना मी सांगितलं, स्थळाकडूनच सही-शिक्क्याची नक्कल मागा आणि त्यावरचं कोर्ट, नंबर जुळवून पाहा. ज्याची झाली आहे त्याला दाखवायला काय जातंय? आणि स्टॅम्प पेपरवर गावच्या पाच माणसांच्या सह्या असलेली फारकत कुणी दाखवली, तर तो कोर्टाचा कागद नव्हे.

नक्कल हातात आली तेव्हा आत्या सोबत होती. आवारातल्या बाकावर बसून तिने चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. मी मागची बाजू पाहत होते. अर्ज केल्याची तारीख, तयार झाल्याची, दिल्याची, असे शिक्के असतात तिथे. तिला म्हटलं, वकीलबाई सांगत होत्या, घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत कोर्टाने दोघांनाही फुकट द्यायची, असं कायद्यातच आहे. कलम २३ मध्ये. तुलाही तेव्हाच मिळायला हवी होती.

आत्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आणि त्यांना मिळाली असेल?"