तुम्ही विचारलंत म्हणून : वाचनालयातल्या माणसाला नेटवर्किंग साईट कशाला?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात वाचनालय चालवते हे कळलं की सहकारी हमखास विचारतात, 'ग्रंथालयवाल्यांच्या त्या नेटवर्किंग साईटवर नाव नोंदवलंत, मिळालं काय?'

नोकरी किंवा बढतीच्या दृष्टीने म्हणाल तर विशेष काही नाही. अभिनंदनाचे निरोप तर वाचूच नका. पण आपली अडचण चटकन कळणारा माणूस तिथे भेटतो, आणि एकट्याने वाचनालय सांभाळणाऱ्याला एरवी नेमका तोच भेटत नाही.

आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. कपाट उघडलं की कुबट वास. जुन्या दिवाळी अंकांच्या पिना गंजतात, पानांवर तांबडे डाग पडतात, मग कागद तिथेच तुटतो आणि मधली पानं सुटून हातात येतात. मी डागांचा फोटो टाकून विचारलं. केरळातल्या एका ग्रंथपाल बाईंनी सगळं नीट लिहून पाठवलं. पिन ओढायची नाही. आतल्या बाजूला दुमडलेली टोकं पातळ, बोथट पात्याने आधी सरळ करायची, मग पिन बाहेरून अलगद उचलायची आणि त्याच भोकांतून सुती दोऱ्याने अंक शिवायचा. बुरशी असेल तर तो अंक वेगळा ठेवायचा, सावलीत वाऱ्यावर सुकवायचा आणि मगच मऊ ब्रशने झाडायचा, तेही बाहेर, तोंडाला मास्क लावून. उन्हात टाकायचा नाही, कागद पिवळा पडतो. पाऊस त्यांच्याकडेही तसाच, म्हणून सल्ला कामाचा निघाला. आता आमचे अंक मी असेच शिवते.

सीमाभागातल्यांना आणखी एक सांगायचंय. कर्नाटक निवडलं की साईट इथल्याच ग्रंथपालांची नावं सुचवते. कोल्हापूर-सांगलीचे आपण शोधायचे. शोधाच, दोघेही हवेत. महाराष्ट्रातली मंडळी अनुदान आणि ग्रंथालयांच्या अ, ब, क, ड वर्गांवर भरभरून बोलतात, पण त्यांचा ग्रंथालय कायदा १९६७चा, आपल्याकडे कर्नाटकचा १९६५चा, आणि इथली सार्वजनिक ग्रंथालयं सरकारचं खातंच चालवतं. त्यामुळे पैशांबाबतचे त्यांचे सल्ले इथे चालत नाहीत. मात्र ८९१.४६ या, ड्युई वर्गीकरणातल्या मराठी साहित्याच्या क्रमांकाखाली पुस्तकं कशी लावायची, दिवाळी अंकांची नोंद कशी करायची, हे त्यांनाच विचारावं. कोहा हे ग्रंथालयाच्या कामाचं मोफत सॉफ्टवेअर मला धारवाडकडच्या एका कन्नड ग्रंथपालांनी शिकवलं. त्यात मराठी आणि कन्नड पुस्तकं एकाच सूचीत, आपापल्या लिपीत बसतात. आमच्या वाचकांना दोन्ही लागतात.

एक गोष्ट मला खटकते. साईटवर नाव नोंदवताना येणाऱ्या पदांच्या यादीत पुस्तकं देणारा-घेणारा लिपिक नाही, शिपाई नाही. खेड्यातलं वाचनालय त्यांच्याच जिवावर उघडं राहतं. पदवी नाही म्हणून त्यांनी मागे राहू नये. 'इतर' निवडावं आणि आत यावं.

नाव नोंदवाल त्याच दिवशी एखादा नेमका प्रश्न विचारा, जमलं तर फोटोसकट. इंग्रजीसाठी अडू नका. मराठीत विचारलंत तर निदान मी तरी उत्तर देईनच.