अख्खी मांडी द्या, तुकडे नको

गेल्या हिवाळ्यात कुडाळला एका वेल्डिंगवाल्याकडून धुरावर मटण भाजायचं पिंप करून आणलं. खाली कोळशाची टोपली, वर जाळी, झाकणाला थर्मामीटर. विस्तव सांभाळायला दोन रविवारांत शिकलो. मटण कसं घ्यायचं हे कळायला मात्र मे उजाडला.

पहिल्यांदा आमच्या खाटीकमामांना सवयीने सांगितलं, "दीड किलो, दोन नळ्या टाका." मामांनी सत्तूर चालवून रश्श्याचे तुकडे करून दिले. घरी ते सळईत ओवले आणि जाळीवर ठेवले. बाहेरून करपले, आतून चामडं. बोकडाच्या मासात चरबी आधीच कमी, जी असते ती बरीचशी आत गुर्द्यांभोवती. एवढ्याशा तुकड्याला सुकायला कितीसा वेळ लागणार? बायको अलिबागकडची. ती म्हणाली, "आमच्या पोपटीत पाण्याचा थेंब नसतो, तरी कोंबडी सुकत नाही. मडकं बंद, आत भांबुर्ड्याचा पाला. तुझं सगळं उघड्यावर."

म्हणून दुसऱ्या वेळी मागची अख्खी मांडी मागितली.

"अख्खी? लगीनबिगीन असा काय?"

"नाही मामा, भाजायचीय."

"मगे तुकडे करून देतंय, बेगीन शिजतला." सत्तूर वर गेलेलाच होता. मी जवळजवळ ओरडलो. मागे रांगेतली माणसं हसली.

मांडी सकाळी आठला घरी आली ती थेट फ्रीजरमध्ये, पुढच्या रविवारसाठी. आणि पुढच्या रविवारी पहिल्यापेक्षा वाईट! पाच तास धुरात ठेवूनही रबर. म्हातारा बोकड माझ्या गळ्यात मारला म्हणून मनातल्या मनात मामांना चार शिव्या घातल्या. त्यांचा काहीएक दोष नव्हता. बोकड कापल्यावर काही तासांत स्नायू आखडतात आणि पुढे दीडदोन दिवसांत हळूहळू सैल पडतात. आखडण्याआधीच गोठवलं, तर बर्फ उतरताना ते आणखी आवळतात. आपल्याकडे ताजं मटण म्हणजे हाताला ऊब लागेल असं. रश्श्यात ते खपून जातं, जाळीवर नाही.

तिसऱ्या वेळी बुधवारीच सांगून ठेवलं: दोन दाती, म्हणजे पक्के दोनच दात आलेला, किंवा त्याहून कोवळा, शक्यतो खच्ची केलेला. वयात आलेल्या बोकडाचा उग्र वास धुरातही जात नाही. बोकडच आहे याची खूण म्हणून खाटीक अंड तसंच ठेवतात. खच्चीच्या बाबतीत त्या खुणेचा उपयोग नाही, मामांच्या शब्दावर जायचं. शुक्रवारी सातला पोचलो तेव्हा धड टांगलेलं होतं. चरबी पांढरी, मास गुलाबी, बोट दाबलं की खळगा लगेच भरून येत होता. मांडी भरली पावणेदोन किलो. शिवाय पोटातली चरबीची जाळी मागून घेतली. ती एरवी कोणी मागत नाही, त्यामुळे मामांनी माझ्याकडे पुन्हा एकदा नीट बघून घेतलं.

घरी मांडी धुतली नाही, फडक्याने टिपली. वरचा चिवट पापुद्रा सोलला, किलोला 15 ग्रॅम मीठ चोळलं, आणि ताटात जाळीवर ठेवून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रविवारपर्यंत सोडून दिली. बाहेर ठेवायची सोय नाही, आपल्याकडच्या दमट हवेत चार तासांत वास सुटेल.

रविवारी चरबीच्या जाळीत गुंडाळून पिंपात टाकली. करवंट्यांचा कोळसा, वर पेरूची सुकी फांदी. शेजाऱ्यांनी काजूबियांची टरफलं देऊ केली होती, मी हात जोडले. त्यांच्या तेलाने हातांवर फोड येतात, तर धुराचं काय सांगावं! झाकणावरचा काटा 110 ते 120 अंश सेल्सिअसच्या मध्ये धरून ठेवला. पाच तास झाले तेव्हा जाड भागात सळई घातली, ती लोण्यात जावी तशी गेली. चरबीची जाळी विरघळून गेली होती आणि वर तांबूस पापुद्रा धरला होता. पाव आणि चिरलेला कांदा एवढंच सोबत. बायकोने हाड चोखलं आणि पोपटीचं नाव काढलं नाही.

संध्याकाळी एका डब्यात थोडं घालून मामांकडे नेलं. दुकान बंद करत होते. एक तुकडा तोंडात टाकला, चावला, डोळे मिटले.

"बरा झाला हा," म्हणाले. मग डब्यात डोकावून, "पण रस्सो खंय?"