शनिवारची पेटी

दहावी ‘ब’, मार्च १९८५

शाळेच्या अमृत महोत्सवाचे निमंत्रण घरी आले तेव्हा मी ड्युटीवर होतो. रात्री दोनला पोचलो, तर पाकीट माझ्या झाकलेल्या ताटाशेजारी ठेवलेले. हातपाय न धुता तसाच उभ्या उभ्या वाचले. ‘शाळेविषयी मनात असेल ते लिहा’ असे त्यात आहे. गेले पंधरा दिवस लिहून पाहतो आहे. प्रार्थनेपासून सुरुवात केली, मैदानापासून केली, स्नेहसंमेलनापासून केली. पण दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला बाई येतात आणि बाकी सगळे मागे पडते. म्हणून आता बाईंविषयीच लिहितो. मैदान आणि बक्षिसांविषयी लिहायला आमच्या तुकडीत पुष्कळ जण आहेत.

बाईंचे नाव घालत नाही. नाव छापून आलेले त्यांना आवडायचे नाही. निवृत्तीच्या वेळी भिंतीवर लावायला फोटो मागितला, तोही त्यांनी दिला नव्हता. ‘पेटीच्या बाई’ म्हटले की ज्यांना कळायचे त्यांना कळेल.

पेटी काळ्या पत्र्याची होती. माझे बाबा नागपुरात अजनीला, रेल्वे इंजिनांच्या लोको शेडमध्ये खलाशी, त्यामुळे आठवीत पहिल्या शनिवारीच मी ती ओळखली. झेंडे, दिवे, इशाऱ्याचे पटाखे भरून गार्ड गाडीवर नेतात तो हा लाइन बॉक्स. बाईंनी तो भंगारातून घेतला होता आणि आत पुस्तके भरली होती. शनिवारी सकाळची शाळा. शेवटच्या तासाला दोघांनी दोन बाजूंच्या मुठी धरून पेटी स्टाफरूममधून वर्गात आणायची. पाळी आली की आदल्या रात्री झोप लागत नसे. शाळेची लायब्ररी होती, पण कपाटांच्या किल्ल्या कुणाकडे असायच्या ते आम्हाला तीन वर्षांत कळले नाही. पेटीला कुलूप नव्हते. चव्वेचाळीस पुस्तके, सगळी बाईंच्या पगारातली. सीताबर्डीच्या बाजारात, बर्डीवर, जुनी घेतलेली काही, काही दसऱ्याला दीक्षाभूमीवरच्या स्टॉलवरून आणलेली. प्रत्येकाला खाकी कव्हर आणि पाठीवर बाईंच्या अक्षरात नाव.

नियम एकच होता. दर शनिवारी तीन पुस्तके घ्यायची: एक गोष्टीचे, एक कवितेचे, एक धर्माचे. आणि धर्माचे आपल्या घरातले नको. “आपल्या घरचा देव घरी आहेच,” बाई म्हणायच्या, “जरा शेजारी जाऊन या.” पुढच्या शनिवारी पुस्तक परत करताना काय वाचले ते त्या विचारत नसत. मनात काय राहिले, तेवढे एक वाक्य सांगायचे. मग वहीत आपल्या नावापुढे बरोबरची खूण.

निवड कशी होती ते सांगतो, म्हणजे बाई कोण होत्या ते कळेल. गोष्टीच्या बाजूला ‘श्यामची आई’ होतीच. पण तिच्याच शेजारी बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ होते, १८५७ सालचे, विधवांच्या हालांवरचे. आणि उद्धव शेळक्यांची ‘धग’. ‘धग’ मी उघडली आणि दुसऱ्या पानावर थांबलो. त्यात माझी आजी बोलत होती. आम्ही घरी जसे बोलतो तसे वर्गात बोललो की बाकीची मुले हसत, आणि इथे छापील पुस्तकात त्यातली नायिका कौतिक तेच बोलत होती. त्या शनिवारी मी बाईंना एवढेच म्हणालो, “बाई, हे आमच्यासारखं बोलून राहिले.” बाई हसल्या नाहीत. त्यांनी वर्गाला गप्प केले आणि मला कौतिकचे एक पान मोठ्याने वाचायला लावले. आमच्या बोलीची लाज त्या दिवशी गेली, ती परत आली नाही. नवऱ्यामागे, पोरांमागे ओढली जाणारी ती बाई मला आजही आमच्या चाळीतल्या कितीतरी घरांत दिसते.

कवितेत ‘विशाखा’, बहिणाबाईंची गाणी, सुरेश भटांचे तेव्हा नवे आलेले ‘एल्गार’ आणि ग्रेस यांच्या ‘संध्याकाळच्या कविता’. ग्रेस आम्हाला अजिबात कळत नसत. ते याच गावात राहतात, कॉलेजात शिकवतात, हे ऐकून तर नवल वाटे. मी म्हणालो, “बाई, समजलं नाही.” त्या म्हणाल्या, “समजलं नाही हे ठीक आहे. तोंडात कोणती ओळ राहिली ते सांग.” एक राहिली होती. मी म्हटली. बाईंनी खूण केली.

धर्माचा कप्पा सगळ्यांत मोठा. ज्ञानेश्वरी, बायबलचा नवा करार, बाबासाहेबांच्या ग्रंथाचा अनुवाद ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’, कुराणाचे मराठी भाषांतर, तुकडोजी महाराजांची ग्रामगीता आणि ‘लीळाचरित्रा’तल्या निवडक लीळा. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात, आपल्या अमरावतीकडच्या रिद्धपुरात बसून, चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाला विचारून लिहिल्या, हे बाई अशा सांगत की वाटावे त्या परवाच रिद्धपूरहून आल्या. चक्रधरस्वामींच्या पंथातल्या महानुभावांनी हे ग्रंथ सांकेतिक लिपीत जपून ठेवले आणि आपल्या नागपूरच्याच डॉ. वि. भि. कोलत्यांनी त्यावर आयुष्य घातले, हेही मला पहिल्यांदा त्याच तासाला कळले.

माझ्या बाकावरचा मित्र बौद्ध घरचा. त्याने ज्ञानेश्वरी नेली, मी बुद्ध आणि धम्म नेला. दोघांनाही निम्मे कळले नाही, म्हणून मधल्या सुट्टीत आम्ही एकमेकांना विचारू लागलो. त्या वर्षी दसऱ्याला तो मला दीक्षाभूमीवर घेऊन गेला. १४ ऑक्टोबर १९५६ ला त्याचे आजोबा त्या मैदानात होते, कुठे उभे होते ती जागा त्याने दाखवली. अजनीपासून किती जवळ, आणि तोवर मी एकदाही गेलो नव्हतो. पुस्तकांसाठी लागलेली एवढी मोठी रांग मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. लोक डोक्यावर गाठोडे घेऊन, उन्हात, पुस्तकासाठी उभे होते.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती. एप्रिल १९८३, माझी पाळी. जिन्यात माझ्या बाजूची मूठ घामाने निसटली, पेटी पायरीवर आपटली, बिजागरी तुटली आणि पुस्तके खालपर्यंत घरंगळत गेली. बाई धावत आल्या. आधी माझा पाय पाहिला, मग पुस्तके वेचली. मी गप्प. त्या म्हणाल्या, “तुझे बाबा लोको शेडमध्ये आहेत ना? त्यांना विचार, होईल का दुरुस्त.” मी पुस्तके बाहेर काढू लागलो, तर म्हणाल्या, “असू दे. रिकामी पेटी दुरुस्त करताना माणसाचं मन लागत नाही.”

भर उन्हात पेटी कॅरियरला जुन्या ट्यूबने बांधून सायकल ढकलत क्वार्टरवर नेली. बाबा म्हणाले, “काहून रे, कोणाची पेटी आणली?” मी सांगितले. त्यांनी खाटेवर धुतलेली चादर पसरली आणि एकेक पुस्तक उचलून तिच्यावर मांडले. बिजागरी तासाभरात बसली. नवे रिवेट, कोयंडाही नीट केला. पण पुस्तके परत पेटीत जाईनात. बाबा चौथी शिकलेले. लहानपणी तिवसा तालुक्यातल्या त्यांच्या गावी तुकडोजी महाराज आले होते. खंजिरी त्यांनी जवळून ऐकली होती. ग्रामगीता मात्र हातात कधी आली नव्हती. अक्षरावर बोट ठेवून ते मोठ्याने वाचू लागले. एक ओवी, मग थांबायचे, मग तीच पुन्हा. आई चुलीपाशी बसून ऐकत होती. दोन रात्री हेच चालले.

सोमवारी बाबा माझ्याबरोबर शाळेत आले. त्याआधी ते शाळेच्या फाटकाच्या आत कधी आले नव्हते. धुतलेला सदरा घातला होता, नखांतले तेल निघाले नव्हते म्हणून हात मागे बांधले होते. बाईंनी खुर्ची पुढे केली. बाबा बसले नाहीत. “बाई, पेटी झाली जी. एक पुस्तक आठ दिवस ठेवू का?”

बाईंनी वही उघडली. आमच्या वर्गाच्या नावांच्या खाली, पुढच्या ओळीवर, बाबांचे संपूर्ण नाव लिहिले. म्हणाल्या, “नियम तीन पुस्तकांचा आहे.” आणि ग्रामगीतेबरोबर त्यांच्या हातात ‘धग’ आणि बहिणाबाई दिल्या. ज्या बाईला लिहिता येत नव्हते तिची गाणी तिच्या मुलाने उतरवून घेतली आणि पुस्तक झाले, हे त्यांनी बाबांना तिथेच उभ्या उभ्या सांगितले. परतताना बाबा वाटेत काही बोलले नाहीत. फाटकापाशी थांबून एकदा मागे वळून पाहिले.

मी दहावी होईपर्यंत त्या वहीत बाबांचे नाव राहिले. बाकीची पुस्तके बदलत गेली, ग्रामगीता दर वेळी नव्याने लिहून घ्यायची. एकेचाळीस अध्याय, त्यांतला महिलोन्नतीचा त्यांनी किती वेळा वाचला असेल. माझी बहीण सातवीनंतर घरी बसणार असे ठरलेले होते. ती बसली नाही. ग्रामगीतेमुळेच असे मी म्हणणार नाही, आईही हटून बसली होती; पण जूनमध्ये आठवीत नाव घालायला बाबा स्वतः गेले एवढे मला आठवते. बहीण आज मोठ्या दवाखान्यात सिस्टर आहे, तिच्या हाताखाली वीस जणी काम करतात.

मी रेल्वेत लागलो. मालगाडीचा गार्ड झालो. २०२२ पासून आम्हाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. इतवारी, कामठी, भंडारा रोड, तुमसर, गोंदिया, सालेकसा, डोंगरगड, राजनांदगाव, हा माझा रस्ता. तीस वर्षांत या रुळांवर एकही ठपका नाही, हे अभिमानाने लिहितो. नोकरीतला पहिला लाइन बॉक्स हातात आला तेव्हा मी तो उघडून आधी वास घेतला.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मी पेटीतून दोनदा नेली होती. बाईंनी ते गोष्टीच्या कप्प्यात ठेवावे, की धर्माच्या, हे कधी ठरवले नाही. दर शनिवारी त्याची जागा बदललेली असे. त्यात त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक नागपूरहून राजनांदगावला जात असताना गाडीत एक युरोपियन सहप्रवासी भेटतो, बोलणे होते, तो त्यांना नवा करार देतो. त्यातून पुढे १० फेब्रुवारी १८९५ चा मुंबईतला बाप्तिस्मा आणि लक्ष्मीबाईंच्या संसाराचे ते सगळे रामायण. आठवीत मी हे वाचले तेव्हा राजनांदगाव कुठे आहे ते मला माहीत नव्हते. नोकरीत पहिल्यांदा तिथे उतरलो, पहाटेचे चार वाजले होते, बोर्डाखाली उभा राहिलो आणि बाईंना सांगावेसे वाटले, की बाई, मी त्याच रस्त्याने आलो. टिळकांच्या वेळी ती बंगाल नागपूर रेल्वे होती, आता दक्षिण पूर्व मध्य आहे, पण रस्ता तोच. सुट्टी मिळाली की जाऊन सांगू, असे म्हणत राहिलो. धंतोलीतले त्यांचे घर माहीत होते. सुट्टी मिळायची आणि दुसरेच काही निघायचे. २००९ मध्ये बाई गेल्या. मला चार दिवसांनी कळले, मी बिलासपूरला होतो. हे मी स्वतःला माफ केलेले नाही.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आमच्या तुकडीच्या ग्रुपवर रात्रभर अभिनंदन चालले. मी विचारले, कुणाला पेटीतल्या लीळा आठवतात का? एकाचेच उत्तर आले, माझ्या बाकावरच्या मित्राचे. गाडीवरून उतरल्यावर आम्ही झोपतो त्या रनिंग रूममध्ये आता कुणाच्या उशाशी पुस्तक दिसत नाही. पोरांच्या हातात फोन आहे, त्यात वाचायला पुष्कळ आहे. पण जे आवडते तेच त्यांच्यापुढे येते. शेजारी जाऊन या, असे म्हणणारे कुणी नाही.

दोन वर्षांपूर्वी शाळेत आलो होतो. स्टाफरूममध्ये पेटी नव्हती. जुने सामान काढले तेव्हा गेली असेल, एवढेच समजले. वहीसुद्धा.

म्हणून इतवारीतल्या एका कारागिराकडून त्याच मापाची पेटी करून घेतली आहे. वर्षभर बर्डीवर, दीक्षाभूमीवर, तुकडोजी महाराजांच्या मोझरीला, रिद्धपूरला जाऊन पुस्तके जमवली. खाकी कव्हरे बहिणीने घातली. नवी वही आणली आहे, पहिल्या पानावर नियम लिहिला आहे. बिजागऱ्या कारागिराने बसवल्या होत्या, पण बाबांनी त्या काढून स्वतः पुन्हा ठोकल्या. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, हात थरथरतो. दोन रिवेट जरा तिरपे बसले आहेत, तेवढे चालवून घ्यावे. समारंभाच्या दिवशी पेटी घेऊन येतो. दुसरी मूठ माझा मित्र धरणार आहे.

पेटीत त्रेचाळीस पुस्तके आहेत. ग्रामगीता नाही. मी दहावी झालो तेव्हा बाबा ती परत करायला गेले होते, तर बाई म्हणाल्या, “राहू द्या तुमच्याकडे. मी मागायला येईन तेव्हा द्या.” ती बाबांच्या उशाशी आहे. मी नवी घेऊन पेटीत घालतो म्हणालो, तर बाबा म्हणाले, “त्याची जागा रिकामी ठेव. ते बाईंचं आहे.”