केस परत आले, पण क्रेडिट कुणाचं?

केस गळतायत असं नुसतं म्हणून बघा, कोणी माका सांगतं, कोणी कांद्याचा रस, कोणी रोजमेरी, आणि गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच जणांना खरंच फरक पडलेला असतो. फक्त तो त्या तेलानेच पडला का, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

कारण जोरदार ताप, बाळंतपण, ऑपरेशन, क्रॅश डाएट असं काही झालं की दोन-तीन महिन्यांनी केस अक्षरशः झुपक्याने गळायला लागतात. टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात त्याला, केसांची मुळं शाबूत असतात, बरेच केस एकदम विश्रांतीला गेलेले असतात इतकंच. माणूस घाबरून तेल चालू करतो, काही महिन्यांत केस आपले आपण भरतात आणि तेलाचं नाव होतं!

अनुवंशिक टक्कल म्हणजे वेगळीच भानगड. तिथे डीएचटी नावाच्या हार्मोनमुळे मुळं बारीक बारीक होत जातात आणि वाट बघून काही होत नाही. रोजमेरीचा जो अभ्यास सगळे नाचवतात तो २०१५ चा, १०० पुरुष, अर्धे रोजमेरीवर अर्धे २ टक्के मिनॉक्सिडिलवर (केस वाढवायला टाळूवर लावतात ते औषध), सहा महिन्यांनी दोन्हीकडे साधारण सारखाच फायदा. छान आहे, पण प्लासिबोचा, म्हणजे औषध नसलेलं नुसतं दिखाव्याचं काहीतरी दिलेला, गट नव्हता, आणि पुरुषांना सहसा ५ टक्केवालं देतात हे कोणी सांगत नाही. शिवाय तीन महिन्यांपर्यंत दोन्हीकडे सांगण्यासारखा फरक नव्हता, त्यामुळे पंधरा दिवसांचे बिफोर-आफ्टर फोटो दिसले की मी सरळ पुढे जाते. भोपळ्याच्या बियांच्या तेलाचाही २०१४ चा एक छोटा अभ्यास आहे, २४ आठवड्यांत केस ४० टक्क्यांनी वाढले, प्लासिबोवाल्यांचे १०, पण ते तेल पोटात घ्यायच्या गोळीतून दिलं होतं आणि त्या गोळीत बाकीचेही घटक होते मग श्रेय भोपळ्याला कसं द्यायचं?

आणि कांदा! त्याचा २००२ चा अभ्यास चाई पडलेल्या, म्हणजे चट्ट्याचट्ट्यांनी केस गेलेल्या लोकांवर होता, टकलावर नाही. चाईत शरीराची प्रतिकारशक्तीच मुळांवर हल्ला करते आणि लहान चट्टे कधीकधी आपोआपही भरतात. खरी नवी औषधं याच आजारात आलीत, २०२२ मध्ये अमेरिकेत तीव्र चाईसाठी बॅरिसिटिनिबला मान्यता मिळाली, पण त्यात इन्फेक्शन, रक्ताच्या गुठळ्या असे धोके आहेत, आणि नेहमीच्या टकलाला ते नाहीच. टकलासाठी पीपी४०५ नावाचं लावायचं औषध चाचण्यांमध्ये आहे, केसांच्या मुळांतल्या झोपलेल्या स्टेम सेल (नवा केस तयार करणाऱ्या पेशी) जाग्या करायच्या अशी कल्पना, मला त्याची जाम उत्सुकता आहे.

तोपर्यंत तेल लावायचं तर लावा, फक्त रोजमेरीसारखं इसेन्शियल ऑइल (वनस्पतीचा तीव्र अर्क) तसंच टाळूवर ओतू नका, साध्या तेलात मिसळा, नाहीतर खाज आणि रॅश. आणि आधी रक्त तपासून फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड बघून घ्या. केसांसाठी घेतात त्या बायोटिन व्हिटॅमिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना सांगा, कारण बायोटिनमुळे थायरॉइडचा रिपोर्टच चुकीचा येऊ शकतो.